बाईंच्या गॅलरीतली हाडं

आमच्या प्राणिशास्त्राच्या बाई जन्मभर शाकाहारी होत्या आणि दर रविवारी घरी कोंबडी शिजवत. खाण्यासाठी नव्हे, हाडांसाठी. कोथरूडच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, रॉकेलच्या स्टोव्हवर पातेलं चढे. बाई नाकावर पदर बांधून मांस सुटेपर्यंत ते ढवळत, मग बेसिनपाशी जाऊन ओकत, चूळ भरत आणि परत येऊन चिमट्याने एकेक हाड वेगळं करत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही ओकलो. "घाण वाटली म्हणून पाहिलं नाही, असं शोधनिबंधात लिहिता येत नाही," असं म्हणून बाईंनी माझ्या हातात चिमटा दिला.

जमिनीवर दाणे टिपत फिरणाऱ्या पक्ष्यांचं कूळ हा बाईंचा विषय. कोंबडी, तित्तिर, लावा, मोर. शिकारी त्यांना बंदुकीच्या बाजूने ओळखतात, खवय्ये रश्श्याच्या बाजूने. बाई हाडाच्या बाजूने ओळखत. त्या सांगत की पक्ष्याचं हाड पोकळ आणि पातळ, त्यामुळे जीवाश्म होऊन दगडात अख्खा पक्षी क्वचितच सापडतो. सापडतो तो एखादा तुकडा, खांद्याचा नाहीतर पायाच्या नळीचा. तो कोणाचा हे ठरवायचं तर शेजारी आजच्या पक्ष्यांची तीच हाडं मांडून बघावी लागतात. त्यासाठी बाईंनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत आयुष्य भरून ठेवलं होतं. मेलेल्या मोराच्या एका पायासाठी त्यांनी वनखात्यात इतके हेलपाटे घातले, की तिथले कारकून त्यांना चहा विचारू लागले होते.

चुकीचं नाव त्यांना सहन होत नसे. सोसायटीचे अध्यक्ष, ज्यांच्या दारावरच्या पाटीतही 'माननीय' होतं, एकदा टेकडीवर भेटले आणि गवतातून पळालेल्या पक्ष्याला लावा म्हणाले. बाईंनी तिथेच थांबून त्यांची शिकवणी घेतली. याच्या पायाला मागचं बोट नाही, लाव्याला असतं, तेव्हा हा लाव्याचा कोणीच लागत नाही. "तोंडावळ्यावरून नाती जुळवायला हे काय लग्न आहे?" असं त्या म्हणाल्या. माननीयांनी ते लक्षात ठेवलं.

तो काळ संगणकाचा होता. कॉलेजने प्राणिशास्त्राचं संग्रहालय रिकामं करून तिथे संगणक मांडले. उद्घाटनाला पाहुण्यांनी माउसला हळदकुंकू वाहिलं. बाईंचे डबे रिक्षातून घरी आले आणि गॅलरीत रचले गेले. पावसात त्यांना गंज चढायला लागला. हाडांना कोरडी खोली हवी होती आणि ती कुठेच मिळत नव्हती.

मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. पदवी प्राणिशास्त्राची आणि पगार संगणकाचा, अशी पुष्कळ माणसं त्या वेळी पुण्यात होती. आमच्या मालकांनी परदेशातल्या एका प्रदर्शनातून एक जीवाश्म विकत आणला होता. नव्या काचेच्या इमारतीच्या लॉबीत ग्रॅनाइटवर तो बसवायचा आणि खाली लिहायचं, 'जगातील सर्वांत प्राचीन मोर'. फक्त एका तज्ज्ञाची सही हवी होती. बदल्यात तळमजल्यावर वातानुकूलित खोली, बाईंचे डबे आणि दारावर बाईंचं नाव. मी बाईंना निरोप दिला. पुढच्या भेटीत पाहिलं, तर सगळ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी नव्याने लिहून काढल्या होत्या.

रुमालात चार हाडं बांधून त्या आल्या. दगडाशेजारी ती मांडली, भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बदक."

मालक हसले. "पण मॅडम, इंटरनेटवर तर आहे, डक आणि पीकॉक रिलेटेड असतात. थोडं ॲडजस्ट करा ना."

"आहेतच. कोंबडीच्या कुळाला सगळ्यांत जवळचं कूळ बदकांचं. डायनासोर होते तेव्हाच त्यांची घरं वेगळी झाली." बाई हाडं पुन्हा रुमालात बांधू लागल्या. "माझी चुलत बहीण साताऱ्याला असते. तिच्या नावाने मी सही केली तर पोलीस येतात. बदक लिहा, आत्ता सही करते."

लॉबीत बदक कोण ठेवतं, असं मालकांचं म्हणणं पडलं. खोलीत टेबलटेनिस आलं. पाटीवर सही दुसऱ्या एका डॉक्टरेटवाल्यांनी केली. पाहुणे आजही तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. मी रोज मागच्या जिन्याने जात असे, ती पाटी दिसू नये म्हणून.

त्यानंतर बाई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात गेल्या. झाडांना पाणी घालायला किल्ली अध्यक्षांच्या घरी ठेवली. त्याच आठवड्यात सोसायटीचा रौप्यमहोत्सव होता, मंत्री येणार होते आणि व्यासपीठ नेमकं त्या गॅलरीसमोर होतं. डबे भंगारवाल्याला गेले, हाडं कचरागाडीत.

मी बाईंना घरी आणलं तेव्हा अध्यक्ष दारातच उभे होते, खांद्यावर अजून सत्काराची शाल. केलेलं काम त्यांनी अभिमानाने सांगितलं आणि विचारलं, "आता मोकळं वाटतंय ना, बाई? वास गेला."

"गेला," बाई म्हणाल्या. "आता फक्त तुमचा येतो."

उकळत्या पातेल्याने मला आलेली किळस घटकाभराची होती. त्या शालीची अजून गेलेली नाही.

वर्षभरात बाई फ्लॅट विकून लोणी काळभोरला भावाकडे राहायला गेल्या. मी एकदा भेटायला गेलो. संध्याकाळी बांधावरून चालत होतो, तेवढ्यात बाभळीखालून एक तित्तिर ओरडत पळाला. त्याची हाक शाळकरी पोरही ओळखेल. मी मुद्दाम विचारलं, "लावा ना हा, बाई?"

तो उसात शिरेपर्यंत बाई तिकडे बघत राहिल्या. नव्या डोळ्यांनी त्यांना आता स्वच्छ दिसत होतं.

"असेल," त्या म्हणाल्या.