अक्काचा तळहात

कडब्याच्या कुट्टीयंत्राला जाळी बसवा, हे पत्रक मीच लिहिलं होतं. टेंभुर्णीच्या बाजारात उभं राहून वाटलंही होतं. लोकांनी त्यात भजी बांधून नेली. आणि माझ्याच थोरल्या बहिणीचा उजवा हात तिच्या सासरी, हसनाबादला, बिनजाळीच्या यंत्रात गेला.

बोटं वाचली. तळहात मात्र मनगटापासून करंगळीपर्यंत फाटला. टाके पडले, जखम भरली, आणि भरता भरता त्या व्रणानं बोटं आत ओढून घेतली. हात अर्धवट मिटून बसला तो उघडेना.

काम होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं. "हात बरा झाला की न्यायला येतो," म्हणाले. पोरगं तिकडेच ठेवून घेतलं, बालवाडीत जाणारं. एका हातानं त्याचं काय करणार, हा त्यांचा सवाल. बाई म्हणजे काय बिघडलेली मोटार आहे, दुरुस्तीला टाकून जायला? मी तडक भांडायला निघाले होते. अक्कानंच अडवलं.

"तुझं भाषण ऐकून पोरगं देतील का ते? बस खाली, पुढारीणबाई. हात उघडला की मी आपली चालली."

म्हणजे तिचं पोरगं त्या तळहातावर अडलं होतं. मी मोर्चा काढून तो उघडणार नव्हता.

जालन्यात एका दवाखान्यात हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाई होत्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या. त्यांच्याकडे पोलादाची एक पट्टी होती, वितीएवढी, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. गावातल्याच एका लेथवाल्याकडून त्यांनी ती करून घेतली होती. व्रणाला व्हॅसलीन लावायचं, पट्टी तिरकी धरायची आणि हलकेच ओढत न्यायची. आधी व्रणाच्या लांबीनं, मग आडवी. "कातडी आतून चिकटून बसलीय, ती मोकळी करायची," त्या म्हणायच्या. एकदा त्यांनी पट्टी माझ्या हातात देऊन व्रणावरून ओढायला लावली. ओल्या वाळूवरून चमचा ओढावा तशी खरखर बोटांना लागली. मी लगेच परत दिली.

अक्का पंख्याकडे बघत बसायची. फारच दुखलं की म्हणायची, "बाई, मासोळी साफ करून राह्यल्या का तुमी?" मग बाई तिचा हात टेबलावर पालथा ठेवून दाबायच्या. सुरुवातीला त्या हाताखालून माझी मूठ जायची. काही फेऱ्यांनंतर नुसती बोटं जायला लागली. येताना गाडीत अक्का तो हात मांडीवर दाबून धरायची, कोणी बघत नसलं की.

बाईंनी बजावलं होतं, लाली आली तर चालेल, कातडी सोलायला नको. घरी फक्त बोटं ताणायची, घासायचं नाही.

पण आईनं ती लाली बघितली. "हे तं काशाच्या वाटीचंच काम. त्याच्यासाठी जालन्यापर्यंत धक्के कशाला खायचे?" आमच्याकडे अंगात उष्णता झाली की पायाला तेल लावून काशाची वाटी घासतात. तेल काळं होतं. जितकं काळं, तितकी उष्णता निघाली म्हणायचं. एका दुपारी मी घरी नसताना आई तीच वाटी घेऊन अक्काच्या तळहातावर बसली. मी आले तेव्हा काळं तेल मनगटावरून गळत होतं, आणि दोघी खुश.

"पाह्य, कसं काळं निघालं!" आई म्हणाली.

"मीच म्हणलं, आई, घास जोरात," अक्का म्हणाली. "जल्दी होईल."

सकाळी हात सुजला. कातडी सोलून पाणी यायला लागलं. मी आईवर ओरडले.

"तुझ्या बाईनं घासलं तं इलाज, म्या घासलं तं गुन्हा?" आई म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन रडत बसली. मोर्चात ओरडायला समोर कचेरी असते. इथे समोर आई होती.

बाईंनी हात बघितला आणि पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. कातडी धरेपर्यंत हात लावायचा नाही. ते दिवस बोटं पुन्हा आत जाताना नुसतं बघत राहायचं होतं.

त्यातच दाजी आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले.

"आईची कंबर धरली. पोरगं कोणाजवळच राह्यत न्हाई. येती का?"

"दाजी, आत्ता नेलं तं हात कायमचा असाच राहील," मी म्हणाले. "पोराला इकडं आणा ना."

"आई न्हाई पाठवत वं." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी काय करू, सांग?"

कायदा, आईचा हक्क, सगळं माझ्या तोंडात तयार होतं. अक्का आत डाव्या हातानं पिशवी भरत होती.

बाई म्हणाल्या होत्या, कातडी बरी झाल्या झाल्या आणा, उशीर केला तर व्रण आणखी घट्ट होईल. म्हणून ती गेल्यावर काही दिवसांनी मी हसनाबादला गेले, अक्काला न्यायला. वावरात कापूस फुटलेला. ती दारात बसली होती, पोरगं मांडीत.

"न्हाई जमत गं आता. हे सोडत न्हाई मला."

"त्याला बी घेऊन चल."

तिनं मानेनं घराकडे खूण केली. आतून सासूबाईंचं कण्हणं ऐकू येत होतं.

पोरगं खिशातले चिंचोके काढून तिच्या त्या मिटल्या तळहातात भरत होतं. भरून झाल्यावर तिनं हात उपडा केला, माझ्यासमोर धरून हलवला.

"पाह्य, एक बी पडत न्हाई खाली," ती हसून म्हणाली. पोरगं टाळ्या पिटायला लागलं, आणखी चिंचोके आणायला पळालं.

मी तिचं मनगट धरलं, अंगठ्यानं बोटं उघडायला बघितली. ती हसायची थांबली.

"सोड," ती म्हणाली. "दुखतंय."

मी सोडलं.