खंडेनवमीला गार झालेली भट्टी

माझ्या धाकट्या मेव्हण्यानं मला फसवलं, आणि माझ्या तोंडून आप्पांना फसवलं.

आप्पा शिरूरला अपंगांसाठी चाकाच्या खुर्च्या बनवतात. खुर्ची हलकी हवी म्हणून तिचे सांधे मॅग्नेशियमचे. ते कडक करायचं काम माझ्या भट्टीवर होतं. ही भट्टी मी कुणाच्या शिफारशीवर नाही, घाम गाळून उभी केली. मेव्हणा दौंडचा. त्याला मीच आणला, शिकवलाही मीच.

शिकवण्यात गोडी वाटायची, हे खरं. दौंडहून न्हावऱ्यामार्गे एसटीनं यायचा, आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी आधी माझ्यापुढं ठेवायचा, मग विचारायचा, "दाजी, नुसत्या उबेनं धातू घट्ट कसा हुतो?"

मी सांगायचो. मोठ्या आचेवर मॅग्नेशियममध्ये मिसळलेला दुसरा धातू विरघळतो. पंख्याच्या झोतात झटकन गार केलं की तो आतच अडकतो. मग मंद आचेवर तासन् तास ठेवायचं, म्हणजे तो बारीक कण होऊन जागोजागी बाहेर पडतो. डोळ्यांना दिसत नाहीत, पण वजन आल्यावर धातूचे थर सरकायला लागले की हेच कण त्यांना अडवतात.

"मग आच वाढवली तर लौकर हुईल की!"

"हुईल, पण कण मोठे आन् थोडे. शेतात एकच धोंडा असला तर नांगर वळसा घालून जातो. सगळीकडं खडे असले तर?"

"नांगरबी रडतो आन् नांगऱ्याबी," म्हणून तो हसला. म्हणजे त्याला कळलं होतं.

खंडेनवमीला मी गावी, कवठे येमाईला होतो. भट्टीत आप्पांची खेप मंद आचेवर होती. सासूबाई पूजेला भट्टीवर आल्या आणि म्हणाल्या, आज यंत्राला विसावा पाहिजे. मेव्हण्यानं बटण बंद केलं, भट्टीला झेंडूचा हार घातला. इथवर माझी तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवशी गेलेला वेळ भरून काढायला त्यानं आच वाढवली, आणि चाचणीला जुन्या खेपेतला चांगला सांधा दिला. मला म्हणाला, "एक नंबर, दाजी." तेच मी आप्पांना सांगितलं.

नव्या खेपेच्या पहिल्या खुर्चीत आप्पा स्वतः बसून बघतात. बसले आणि सांधा वाकला. टेबल धरलं म्हणून वाचले.

"मला न्हाई लागलं," ते मला म्हणाले, "पन ज्याला पाय न्हाईत त्यानं काय धरायचं?"

आता त्यांचं काम दुसरीकडं जातं.

मी मेव्हण्यावर ओरडलो, तेव्हा त्यानं सगळं कबूल केलं. "आईला न्हाई कसं म्हनू, दाजी?"

"आईला न्हाई नको म्हनू, पन मला सांगायचंस की, गाढवा!"

त्याच दिवशी तो दौंडला निघून गेला. फोन उचलत नाही. चटणी मात्र एसटीच्या कंडक्टरबरोबर येते, आणि मी ती खातो.

फोनवर सांगता येत नाही म्हणून तुला इथंच सांगतो: भट्टीची किल्ली अजून तुझ्याच खिळ्याला आहे. पण आधी शिरूरला ये, आप्पांसमोर उभा राहा, आणि चाचणीला कुठला सांधा दिलास ते तुझ्या तोंडानं सांग.