विहीणबाईंची अर्धी पोळी

माझ्या आरतीच्या लग्नात तिच्या सासूनं, गोजरबाईनं, माझ्या हातची पुरणपोळी अर्धी खाल्ली, अर्धी ताटात टाकली आणि हात धुवून उठली. राजुरीच्या सगळ्या बायकांसमोर. आमच्याकडं पाहुण्यानं ताटात टाकणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर टाकणं. आणि मी साळुबाई काही गप्प बसणाऱ्यातली नाही.

"डोंगरात पुरण पचत नसंल!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

गोजरबाई वळली. किडकिडीत बाई, कपाळावर रुपयाएवढं हिरवं गोंदण. "पोळी लई ग्वाड हाय, विहीणबाई. म्हनून तर ठिवली."

हे काय उत्तर झालं? मी पदर खोचला, तोंड उघडलं, तेवढ्यात थोरल्या जाऊबाईंनी मला दंडाला धरून आत ओढलं. शुभकार्यात वाद नको म्हणे. भांडण तिथंच राहिलं.

मुळात ते स्थळ माझ्या मनातलं नव्हतंच. आरती आणि रामदास मंचरला एकाच दुकानात कामाला, तिथंच त्यांचं जमलं. आमचा ऊस, कांदा, बागायत. त्याचं घर घाटघरच्याही वर, कड्याच्या तोंडाशी, दहा-बारा घरांच्या वाडीत. भात आणि नाचणी, बाकी नुसता वारा.

भादव्यात मी पहिल्यांदा तिथं राहायला गेले आणि घर बघून डोक्याला हात लावला. भिंत सारवलेली, पण एक कोपरा कोरडा. टोपली विणलेली, पण काठ नाही. खुंटीवर एक गोधडी, तिची तीन अंगं शिवलेली आणि चौथं उघडं, त्यात सुई तशीच टोचलेली. माझ्या घरात कुणी काम अर्धं टाकलं तर त्याला जेवायला मिळत नाही. आळशी बाईच्या घरी लेक दिली, असं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

मग गोजरबाईनंच मला देवीकडं नेलं. आवतनीआई तिचं नाव. कड्याच्या टोकाला चार भिंती, वर छप्पर नाही, कारण शेवटचा थर तिथं कुणी रचत नाही. आत मूर्तीही नाही. एक दगडी पाट मांडलेला आणि त्याच्यासमोर दगडी ताट. वाडीतल्या बायका देवीची आरती म्हणायच्या, पण शेवटचं कडवं आलं की गप्प व्हायच्या आणि घरी जायच्या.

"देवी कुठंय?" मी विचारलं.

"ती ताट वाढती. पाट आपला हाय," गोजरबाई म्हणाली. "धुकं आलं की आई आवतान धाडती. जेवाय बोलावती. आपलं जे मानूस शेवटी गेलं, त्याच्या आवाजात हाक येती. आवतनाला न्हाई म्हनू ने. फकस्त, हातातलं काम उरकून येते, म्हनायचं. पन काम खरंच राह्यलेलं पायजे. आईला खोटं चालत न्हाई."

"आणि काम राहिलेलं नसलं तर?"

"आमचं मालक, भिमाजी. भाताचा बांध घालत व्हते. शेवटचा दगुड बशिवला, हात झटाकलं आन् म्हनले, झालं बाई एकदाचं सगळं. मी आतून वरडले, आवं असं म्हनू नगा! तवर धुकं आलं व्हतं." तिनं पाटाकडं बघितलं. "चपला हितं घावल्या. येवस्थित काढून ठिवल्यावानी."

मी हसून सोडून दिलं असतं. पण भुरभुर पाऊस पडत होता, भिंती ओल्याचिंब होत्या, आणि पाट तेवढा कोरडा होता. कुणीतरी नुकताच पुसल्यासारखा.

पुढच्या भादव्यात गोजरबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन जुन्नरला झालं. रामदासनं तिला नेऊन आणलं, घरी सोडलं आणि तो कामावर मंचरला गेला. मी आरतीच्या सोबतीला आधीच आले होते. सासू परत यायच्या आत माझ्या लेकीनं घर लखलखीत केलं होतं. कोपरा सारवला, टोपलीला काठ घातला, हंडे भरले, भांडी घासली, भाकरी थापून फडक्याखाली ठेवल्या. गोधडीचं चौथं अंगही शिवून टाकलं. सासूला ऊब मिळावी म्हणून, दुसरं काही नाही. वाडीची रीत तिला सांगितलेली होती, पण राजुरीच्या पोरीचा हात कुठला ऐकतोय, आणि मीही अडवलं नाही!

आरतीनं मोठ्या मायेनं ती गोधडी सासूच्या अंगावर घातली. गोजरबाईची बोटं काठावरून फिरत गेली आणि शेवटच्या गाठीवर थांबली.

"ह्यो टाका कुनी घातला?"

"मी, आत्या."

"लई बारीक हाय गं टाका तुजा," एवढंच म्हणून तिनं आरतीच्या डोक्यावरून हात फिरवला. मी गोधडी ओढून गाठ उसवायला लागले, तर तिनं माझा हात धरला. "उसवलेलं चालत न्हाई, विहीणबाई. एकदा झालं ते झालं."

दुपार होती. भर दुपारी नाणेघाटाच्या बाजूनं धुकं चढलं आणि अंगणातली तुळस दिसेनाशी झाली. आणि बाहेरून एका पुरुषाचा आवाज आला, अगदी घरच्यासारखा. "गोजरे, ये गं. ताट वाढलंय."

आरतीनं माझा दंड घट्ट धरला.

"आले वो," गोजरबाई म्हणाली. "एवढं पानी भरून..." तिनं हंड्याकडं बघितलं. काठोकाठ भरलेला. हाक पुन्हा आली, पहिल्यापेक्षा जवळून. "एवढी भांडी..." भांडी चकचकीत मांडलेली. हाक अंगणात आली. "दोन भाकरी टाकून..." फडक्याखालच्या भाकरी अजून गरम होत्या. मग हाक उंबऱ्यापाशीच आली.

गोजरबाई उठली. डोळ्यावरची हिरवी पट्टी सारखी केली, पदर नीट घेतला. हळदीकुंकवाला निघाल्यासारखी ती खूश दिसत होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. आरती रडत तिला मागं ओढत होती, पण म्हातारी थांबेना. मला ना मंत्र येतो ना तंत्र. मला एकच गोष्ट येते.

"थांबा विहीणबाई!" मी ओरडले. "माझी पोळी टाकलीत त्याचा जाब दिल्याबिगर कुठं निघालात?"

ती थबकली.

"पहाटं उठून पुरन वाटलं व्हतं मी! सगळ्या गावासमोर माजी शोभा केलीत. हाय का काई उत्तर?"

"आन् तुमी?" ती गर्रकन वळली. "डोंगरात पुरन पचत न्हाई म्हनालात! माज्या भावकीसमोर! ते इसरले न्हाई मी!"

"म्हनले! परत म्हनंन!"

ती माझ्या अंगावर हात नाचवत आली, आणि अर्ध्यात तिच्या ध्यानात आलं. हळूहळू तिच्या तोंडावर हसू पसरलं. दाराकडं तोंड करून ती म्हणाली, "आवं, जरा दम धरा. विहिणीसंगं भांडान राह्यलंय माजं."

बाहेर ताटावर ताट झाकल्याचा आवाज आला, आणि पावलं लांब गेली.

तेव्हापासून ते भांडण जिवंत ठेवणं हे माझं काम झालं. दर आठवड्याला फोन करायचा आणि पोळीवरून सुरुवात करायची. ती आजारी पडली की डिंकाचे लाडू घेऊन चढ चढायचा आणि डबा आदळून म्हणायचं, "खा, पन माफ केलं न्हाई मी." शिव्या देता देता मी तिला माझं सगळं सांगायला लागले. जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही तेही सांगितलं. तिच्यावर माझा जीव जडला, हीच पंचाईत झाली. तोंडानं भांडायचं आणि आत राग शिल्लक आहे का ते चाचपून बघायचं. दर खेपेला तो थोडा कमी भरायचा.

गेल्या भादव्यात तिचा फोन आला. गुडघे गेले होते, अंथरुणावरून उठवत नव्हतं. "विहीणबाई, पुरन घालाल का?"

"न्हाई घालनार. मरा तिकडं."

ती हसली. "किती टाळायचं वो आवतान? मी जेवले न्हाई तवर बोलावनारा बी उपाशीच बसतो."

मी गेले. जायला नको होतं असं अजून कधीकधी वाटतं, पण मी गेले, पुरण वाटलं, पोळी लाटली आणि तुपात भिजवून तिच्यापुढं ठेवली. ती अर्ध्यावर आली तशी मी म्हणाले, "बास करा. ठेवा आता."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुढचा घास मोडला. सगळी पोळी संपवली, ताटातलं तूप बोटानं पुसून चाटलं. "लई ग्वाड हाय."

"माजं भांडान संपलं न्हाई!" मी ओरडले. "ऐकताय ना? मी माफ केलं न्हाई तुमाला, चोंबडे..." पुढं हुंदकाच आला.

"संपलं की वो बाई," ती म्हणाली. "रडताय की तुमी."

दारात धुकं उभं होतं. ज्या बाईला उठवत नव्हतं ती उठली, चपला घातल्या आणि सरळ चालत गेली. धुकं निवळल्यावर मी आणि आरती देवळात गेलो. पाटापाशी चपला होत्या, शेजारी शेजारी. दगडी ताट पुसून स्वच्छ होतं, आणि त्याला तुपाचा वास होता.

राजुरीत आल्यापासून मी जेवताना अर्धी पोळी ताटात ठेवते. सुना आपसात कुजबुजतात, कुजबुजू देत. आमच्याकडं असलं धुकं पडत नाही. पण परवा सकाळी उसात उतरलं, दाट, आणि मी ओसरीवर खात बसले असताना बांधावरून हाक आली.

"विहीणबाई, या की. ताट वाढलंय."

आवाज गोजरबाईचाच, अगदी लाडीगोडीचा. क्षणभर उठावंसंही वाटलं मला.

"आले हो," मी म्हणाले. "एवढी पोळी राहिलीय." आणि ती अर्धी पोळी वाटीखाली झाकून ठेवली.