रविवारी न अडणारं शटर

गफूरभाई दुरुस्तीला आले की आधी चपला काढायचे. दुकानाचं शटर असो की बंगल्याचं गॅरेज, बाहेर चपला नीट जोडून ठेवायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचं. पहिल्यांदा ते आमच्याकडे आले तेव्हा मी म्हणाले, "अहो, गॅरेजच आहे, असू द्या चपला." तर म्हणाले, "गॅरेज असलं म्हणून काय झालं ताई? घरातच हाय ना ते?"

ते मूळचे पाचोड गावचे. शहरात औरंगपुऱ्याच्या मागच्या एका बोळात त्यांचं लहानसं दुकान होतं, वर राहायची खोली. बायको गावी शेतीजवळ, रविवारी ते तिकडे जायचे. उंच, जरासे वाकलेले, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. बोलणं सावकाश. हत्यारांची पेटी उघडण्याआधी इतके प्रश्न विचारायचे की माणूस वैतागून जाई.

माझी अडचण अशी होती. आमच्या गॅरेजला मोटरवर चालणारं शटर आहे. रिमोट दाबला की वर जातं, दाबला की खाली येतं. त्या वर्षी पावसाळा संपल्यावर ते अडायला लागलं. सकाळी नऊला मी कॉलेजात शिकवायला निघायची. गाडीत बसून रिमोट दाबला की मोटर घुरघुरायची, शटर एक हिसका द्यायचं आणि गप्प. वीज गेल्यावर ओढायची साखळी असते, तीही ओढून पाहिली. शटर हलेना. रिक्षाने जायचं तर आमच्या कॉलनीत सकाळी रिक्षा मिळायची नाही. मग पहिला तास बुडायचा, कधी सगळा दिवस.

आणि गंमत म्हणजे गफूरभाई येऊन रिमोट दाबायचे तेव्हा शटर लोण्यासारखं वर जायचं.

पहिल्या वेळी त्यांनी रिमोटचे सेल बदलले. दुसऱ्या वेळी दोन्ही बाजूंच्या पट्ट्या साफ करून ग्रीस लावलं. तिसऱ्या वेळी मोटर उघडून आतला एक भाग बदलला. चौथ्या वेळी मला रडूच आलं. "मिस्त्री, तुम्हाला वाटत असेल या बाईला रिमोट दाबता येत नाही. पण आई शप्पथ, तासाभरापूर्वी हे बंद होतं."

"तुम्ही खोटं बोलत नाय," ते म्हणाले. "दार बी खोटं बोलत नाय. मग मधात काय हाय, ते बघावं लागंल."

माझा नवरा विनय पुण्याला नोकरीला, शनिवारी रात्री यायचा, रविवारी परत जायचा. त्याच्या समोर शटर एकदाही अडलं नाही. फोनवर तो म्हणायचा, "तू घाईत असतेस, नीट दाबत नसशील." कॉलेजात प्राचार्यांच्या चेहऱ्यावरही आता संशय दिसायला लागला होता. रोज एकच कारण देणाऱ्या माणसाकडे बघतात तसं ते बघायचे. मला स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली. रात्री झोपताना मी गॅरेजमध्ये जाऊन शटर वर-खाली करून बघायची. चालायचं. सकाळी अडायचं.

घरात माझ्याखेरीज फक्त आण्णा, माझे सासरे. पैठणच्या धरणावर दरवाज्यांच्या देखभालीत त्यांचा जन्म गेला. सासूबाई वारल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं. बोलणं कमी. शटर अडलं की ते बाहेरच्या खोलीतून म्हणायचे, "राहू दे मेधा, आज थांब. चहा टाक." मला वाटायचं, एवढी मोठी लोखंडी दारं सांभाळलेला माणूस, यांनी तरी काही सुचवावं. एकदा विचारलंही. "मोटरचं मला काही कळत नाही गं," म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

गफूरभाईंबद्दल आमच्या शेजारच्या देशपांडेकाकूंनी एक गोष्ट सांगितली होती. एका घरी दोन भावांचं भांडण झालं आणि थोरल्याने गोदामाला स्वतःचं कुलूप ठोकलं. धाकट्याने कुलूप तोडायला गफूरभाईंना नेलं. गफूरभाईंनी कुलूप पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तोडतो की. पण दोघं बी समोर उभे ऱ्हा." थोरल्याला फोन करून बोलावलं, तो येईपर्यंत पायरीवर बसून राहिले. दोघे समोर आल्यावर चावीने कुलूप उघडलं गेलं. पेटी न उघडताच गफूरभाई घरी गेले.

पाचव्या वेळी त्यांनी मला विचारलं, "रविवारी कधी अडलं का हो?"

मी आठवलं. "नाही."

"सुट्टीच्या दिवशी?"

"नाही." मी मनातल्या मनात सुट्ट्या मोजल्या. "म्हणजे काय? याला कॅलेंडर कळतं?"

गफूरभाई चपला बाहेर ठेवून गॅरेजमध्ये शटरलगतच्या कोपऱ्यात गेले. तिथे रद्दीचे गठ्ठे रचलेले होते. गठ्ठे सरकवून खाली वाकून बराच वेळ काहीतरी पाहत बसले. मग उठले, हात पुसले आणि म्हणाले, "ताई, आण्णासाहेबांसंगं जरा चहा घेऊ का?"

दोघे बाहेरच्या खोलीत बसले. मी चहा देऊन आत आले. अर्धा तास त्यांचा आवाज येत होता. धरणाचे दरवाजे, पाण्याचा जोर, पाचोडचा बाजार, कशाकशाबद्दल. आण्णांना इतकं बोलताना मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं.

जाताना गफूरभाई मला म्हणाले, "बिघाड सापडला."

"काय होतं?"

"सांगतो तसं करा. सकाळी निघायच्या आधी पंधरा मिनिटं आण्णासाहेबांजवळ बसत जा. पेपर वाचा, काय बी बोला. मग शटरला हात लावा."

"पण त्याचा मोटरशी काय संबंध?"

"लई संबंध हाय," ते म्हणाले आणि पेटी उचलली.

मी चक्रावून गेले. हा माणूस मला खुळी समजतो की काय, असंही वाटलं. पण दुसरा उपाय नव्हता. दुसऱ्या दिवसापासून साडेआठला आवरून आण्णांसमोर बसायला लागले. आधी दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं. मग ते पेपरातली एखादी बातमी वाचून दाखवायचे, मी वर्गातल्या गमती सांगायची. शटर त्यानंतर एकदाही अडलं नाही. का, ते मला कळलं नाही. विनयला सांगितलं तर तो हसला.

दर मंगळवारी गफूरभाई अकराच्या सुमारास घरी यायला लागले. मला वाटायचं, शटर तपासायला येतात. आण्णांकडून कळायचं की चहा झाला, पत्त्यांचा एक डाव झाला. हे दोन वर्षं चाललं.

मग एका सोमवारी त्यांच्या शेजारच्या दुकानदाराचा फोन आला. गावी गेले असताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत गफूरभाई गेले.

आण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातल्या पेपरची घडी करून तो बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ते शटर मी बंद करत होतो."

मला आधी समजलंच नाही.

"रद्दीच्या मागं शटर आतून अडकवायची जुनी खिट्टी आहे. मोटर बसवल्यापासून कोणी वापरत नव्हतं. तू आंघोळीला गेलीस की मी जाऊन ती लावायचो. शटर अडलं की तू थांबायचीस. तू मिस्त्रीला फोन करत असताना परत काढून ठेवायचो."

"पण का, आण्णा?"

"तू गेलीस की दिवसभर माझ्याशी बोलणारं कोण होतं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "गफूरला कळलं. गंजलेल्या खिट्टीवर नवीन चरे होते. मला वाटलं, आता हा तुला सांगणार, विनयला सांगणार. पण चहा पिताना त्यानं एवढंच विचारलं, 'साहेब, खिट्टी लई गंजलीय, बोट चेमटंल. तेल घालून देऊ का?'"

"मग?"

"घातलं तेल. त्यानंतर मला लावावीशीच वाटली नाही."

मला राग यायला हवा होता. बुडलेले तास, प्राचार्यांची नजर, स्वतःवरचा उडालेला विश्वास, सगळं आठवलं. पण राग नेमका कोणावर काढायचा तेच कळेना. समोर एक म्हातारा माणूस बसला होता आणि शटर अडायचं त्या दिवसांत मी त्याला फक्त वेळेवर जेवायला वाढत होते.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आण्णांना घेऊन पाचोडला गेले. विचारत विचारत घर सापडलं. गफूरभाईंच्या पत्नी ओसरीवर बायकांमध्ये बसल्या होत्या. आम्हाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी नाव सांगायच्या आत आण्णा पुढे झाले आणि म्हणाले, "मी शहरातून आलोय. त्यांचा दोस्त."

त्यांनी मान वर करून आण्णांना नीट पाहिलं.

"मंगळवारवाले साहेब का तुम्ही?" त्या म्हणाल्या. "सोमवारी हितनं निघाले की धुतलेला सदरा पिशवीत घालून न्यायचे. मी म्हणायचे, कामाला जाताय का सोयरिकीला? तर म्हणायचे, उद्या कामाचा दिवस नाय."

आण्णा ओसरीच्या पायरीवर बसले आणि तोंडावर पंचा धरून रडले.