सुधीर सरांचा रोजचा बॅकअप

डोंबिवलीच्या त्या वाचनालयात सुधीर सरांइतका मान खुद्द अध्यक्षांनाही नव्हता. सर एका कंपनीत सर्व्हर सांभाळून निवृत्त झालेले. वर्तकनगरहून येऊन इथे फुकट सेवा करायचे आणि त्या सेवेची आठवण दिवसातून चारदा करून द्यायचे. संध्याकाळी सहाला कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून ते एक कमांड चालवत. आजच्या तारखेची फाईल डिस्कवर उमटली की म्हणत, "झाला बॅकअप! आता बिल्डिंग पडली तरी पुस्तकांची यादी सेफ."

अकरा हजार पुस्तकांची ती यादी दर्शनाने भरली होती. मोहन्याहून येणारी ही कारकून दोन वर्षं जुन्या कार्डांवरून एकेक पुस्तक टाइप करत होती. काम संपल्यावर सरांनी कार्डं रद्दीत काढायला लावली.

"सर, बॅकअप परत भरून बघितलाय का कधी?" तिने विचारलेलं.

"अगं, गाभारा बंद असला तरी आत देव असतोच ना?" सर म्हणाले. सगळे हसले. दर खंडेनवमीला त्या डिस्कला हळदकुंकू आणि झेंडूचा हार मिळायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची!

गेल्या महिन्यात वाचनालयाचा सर्व्हर बसला आणि त्यावरची यादीही गेली. सारी समिती सरांच्या मागे उभी. सरांनी बाह्या सरसावून रिस्टोअरची, म्हणजे बॅकअप परत भरायची, कमांड दिली आणि ती डोळ्याचं पातं लवायच्या आत संपली.

"बघा स्पीड!" सर म्हणाले.

दर्शनाने यादी उघडली. एकही पुस्तक नव्हतं. मग तिने डिस्कवरच्या फाईलींवर बोट ठेवलं. तारखा बिनचूक, आकार शून्य. चार वर्षांपूर्वी सरांनीच सुरक्षेसाठी पासवर्ड बदलला होता आणि बॅकअपच्या कमांडमध्ये मात्र जुनाच ठेवला होता. त्या खिडकीत रोज चूक झाल्याची ओळ येई, सर ती न वाचताच खिडकी मिटत. जुन्या, भरलेल्या फाईली त्यांनी जागा अडते म्हणून कधीच उडवल्या होत्या. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कार्डं रद्दीत दिली नव्हती मी," दर्शना म्हणाली. "दोन वर्षं घालवलीत त्यात. घरी पलंगाखाली आहेत."

हल्ली सर तिच्या स्टुलावर बसून कार्डं टाइप करतात. दर शनिवारी ती त्यांना बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर भरायला लावते आणि मागे उभी राहते.

"झालं," सर पुटपुटतात.

"सर," ती म्हणते, "गाभारा उघडा."