गुडघाभर उंचीची गाडी

आमच्या गंगाक्काला कुणी विचारलं, "तुला काय हवं?" की तिचं उत्तर ठरलेलं. "मला काय, काहीही चालतं." लग्नाच्या साडीला काहीही चालतं, जेवायला सांबार असो की नुसतं ताक, काहीही चालतं. सत्तरी ओलांडली तरी हे पालुपद सुटलं नाही. मी तिची धाकटी बहीण सरोजा. मला काहीही चालत नाही, आणि ते मी तोंडावर सांगते. म्हणून नात्यागोत्यात मी भांडकुदळ आणि ती देवमाणूस. देवमाणूस म्हणे! त्या देवमाणसानं स्वतःचं काय करून घेतलं, ते ऐका.

तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत तिचं घर. दारापुढे उंच तिण्णै आहे, म्हणजे तुमच्याकडचा ओटा. नवरा राममूर्ती, माझे भावोजी, शेतकी खात्यात होते. पापनाशमला त्यांची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा त्यांनी एक जुनी एस्टेट गाडी घेतली. पुढून साधी मोटार आणि मागे लांबच लांब डिकी. मागची सीट पाडून गादी अंथरायची, म्हातारीला आडवं घालायचं आणि तंजावरच्या इस्पितळात आणायचं. अक्का त्या डिकीत मांडी घालून, सासूचं डोकं धरून बसायची. रस्त्यात खड्डा आला की म्हातारी सुनेलाच शिव्या घालायची. अक्का हूं की चूं करायची नाही. मला मात्र एकदा म्हणाली, "सरू, देवानं मला दुसरं काही देऊ नये, पण गाडीत कुणी उचलून ठेवायची पाळी आणू नये." आयुष्यात तिनं बोलून दाखवलेली ही एवढीच इच्छा. हो, आणखी एक होती, तुळजापूरची.

आम्ही इथं पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतो, पण ती भवानी आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली आहे. भावोजी म्हणत, नातवाची मुंज झाली की बटूला घेऊन सगळ्यांनी देवीच्या पायांवर घालायचं. ते तसेच गेले. गेल्या वैशाखात नातवाची, वरुणची, मुंज झाली आणि अक्कानं मुलाला बापाच्या शब्दाची आठवण करून दिली. "साई, मला एकदा तिथं जायचंय रे." मी समोर होते. 'मला जायचंय' हे शब्द तिच्या तोंडून ऐकून मी कॉफीचा टंबलर खाली ठेवला होता.

साईराम मुलगा गुणी आहे. लगेच कामाला लागला. भावोजींची लांब गाडी म्हातारी झालेली, तिला पापनाशमपर्यंत नेतानासुद्धा देवाचं नाव घ्यावं लागे. तेव्हा नवी गाडी घ्यायची ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. तिरुच्चीचे एक डॉक्टर आपली एस्टेट विकत होते, वापरलेली पण नव्यासारखी. नवी एस्टेट आता इथं मिळते कुठे? दुसऱ्या बाजूला शोरूममधली सात जणांची एसयूव्ही. साईची बायको शांभवी म्हणाली, पावसात तिरुवैयारुच्या रस्त्यावर पाणी भरतं, गाडी उंच हवी. खोटं नव्हतं ते. आणि साईचं तर मन त्या एसयूव्हीवर केव्हाचंच बसलेलं. लहानपणापासून बापाच्या त्या प्रेतगाडीसारख्या दिसणाऱ्या लांब गाडीतून शाळेत उतरायची त्याला लाज वाटायची. त्याचंही खोटं नव्हतं.

दोन्ही गाड्या बघायला मीही गेले. डॉक्टरांच्या एस्टेटमध्ये अक्का खुर्चीवर बसावी तशी बसली, पदर सावरला आणि उतरली. मी म्हटलं, ठरलं, हीच. मग शोरूममध्ये गेलो. तिथली गाडी एवढी उंच की दाराचा उंबरठा तिच्या गुडघ्याला लागला. तिचे गुडघे, सांगते ना, घरातल्या दोन पायऱ्या चढतानाही कुरकुरतात. तिनं हँडल धरलं, एक पाय वर टाकला आणि तशीच लटकून राहिली. विकणाऱ्या पोरानं लाल प्लास्टिकचं स्टूल आणलं, साईनं मागून आधार दिला, सगळे हसत हसत "हुप्प!" म्हणाले आणि अक्का आत जाऊन पडली. तीही हसली. पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली होती.

"अम्मा, कुठली घेऊ?" साईनं विचारलं.

मी तिला कोपर मारलं. जोरात मारलं.

"मला काय," ती म्हणाली, "काहीही चालतं. तुला आवडते ती घे."

परतताना मी तिला रिक्षात धुऊन काढलं. "तोंड शिवलंय का तुझं? कुणासाठी चाललीय ही गाडी?" ती म्हणाली, "त्याचा चेहरा पाहिलास? मुंजीत वरुणचा होता तसा झाला होता. माझ्या गुडघ्यांपायी त्याचा हिरमोड कशाला?" सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशी आमची जात.

एसयूव्हीचे पैसे भरले. गाडी यायला महिना होता. त्या दिवसांत एकदा दुपारी मी लवकर गेले, तर अक्का एकटी तिण्णैपाशी उभी. खांबाला धरलंय, एक पाय तिण्णैवर, घामानं ब्लाउज भिजलेला. वर चढली, धापा टाकत उतरली, पुन्हा पाय वर. "हे काय आता?" मी ओरडलेच. "डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय," ती म्हणाली. मी मूर्ख, मला ते पटलं. वर शाबासकी दिली. ती व्यायाम नव्हे, तालीम करत होती. तिण्णै तिच्या गुडघ्याएवढा, गाडीचा उंबरठाही गुडघ्याएवढा. घर झोपलं की बाई रोज बाहेर येऊन गाडीत चढायला शिकत होती, कुणी "हुप्प" म्हणू नये म्हणून.

एका बुधवारी गाडी आली. लांब गाडी बदल्यात दिली. नेताना अक्कानं डिकीतली ती जुनी गादी काढून घेतली आणि गच्चीवर उन्हात टाकली. नव्या गाडीला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आत बसायला सगळे बोलवायला लागले, तर म्हणाली, "आज नको, गुरुवारी बसते." आणखी एक दिवस तालीम हवी होती तिला. गुरुवारी ती नऊवारी नेसली, कारण देवीला जायचं ते नऊवारीतच, मग चढूनही नऊवारीत बघायला हवं ना! दुपारी तिण्णैवर पाय टाकला, काष्ट्यात पाय अडकला आणि ती मागे दगडावर पडली. समोरच्या इस्त्रीवाल्या सुब्रमण्यमनं ओरडून शांभवीला उठवलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

नवी गाडी दारात उभी होती. पण तिला बसवणार कसं? आडवं घालायला मागे जागा करेपर्यंत ती किंचाळायला लागली. लांब गाडी असती तर आमची गादी होती, सवय होती. ती आदल्या दिवशीच गेलेली. अ‍ॅम्ब्युलन्स आली आणि दोन अनोळखी माणसांनी माझ्या अक्काला उचलून आत ठेवलं. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. मला बघवलं नाही.

इस्पितळात भूल द्यायच्या आधी तिनं मला सगळं सांगितलं. तिण्णै, तालीम, सगळं. मी बाहेर आले तर साई भिंतीला टेकून उभा, हातात फोन. शोरूमवाल्यांचा होता. "मौशी," तो म्हणाला, "उद्या पायरी बसवायला बोलावतायत. अम्माच्या बाजूच्या दाराखाली. त्या दिवशी ती लटकली तेव्हाच मी सांगून ठेवलं होतं. तिला आधी सांगितलं असतं तर म्हणाली असती, माझ्यासाठी कशाला. म्हणून गुपचूप." मी त्याच्या खांद्यावर एक जोराचा धपाटा घातला आणि मग त्यालाच धरून रडले. मुलानं आईला सांगितलं नाही, आईनं मुलाला सांगितलं नाही. काय म्हणावं ह्या मायलेकांना!

पायरी बसली. बैल गेला नि झोपा केला.

ऑपरेशन झालं, पण या वयात हाड जुळेना. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, लांबचा प्रवास विसरा. आता अक्का पुढच्या खोलीत आडवी असते, त्याच जुन्या गादीवर. सासूसारख्या शिव्या मात्र देत नाही. कधी कधी वाटतं, द्याव्यात.

परवा ती म्हणाली, मला ती पायरी बघायची. साईनं चाकाच्या खुर्चीतून तिला गाडीपाशी नेलं. पायरीवरचं प्लास्टिकही अजून तसंच आहे, तिच्यावर तो कुणाला पाय ठेवू देत नाही. अक्कानं वाकून हात लावला. मग तोच हात आपल्या पायाशी आणून उंची बघितली, घोट्याच्या जरा वर.

"एवढीच?" ती म्हणाली. "ही तर मला जमली असती रे."

साई मटकन तिण्णैवर बसला. ऊन चढत होतं. शेवटी त्यानं नाक पुसलं आणि विचारलं, "अम्मा, आत नेऊ, की थोडा वेळ इथंच बसतेस?"

"मला काय," अक्का म्हणाली, "काहीही..."

"नाही चालत!" मी ओरडले. सुब्रमण्यमनं इस्त्री उचलून आमच्याकडे बघितलं. बघू दे. "काहीही चालत नाही, गंगे! एकदा तरी सांग, तुला काय हवं!"

तिनं पायरीवरचा हात काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला सगळ्यांसमोर, लहान पोरीसारखं रडताना पाहिलं.

"मला तुळजापूरला जायचं होतं," ती म्हणाली.