पत्रकासमोर थांबणारे काका

गाझियाबादच्या मेट्रो स्टेशनच्या जिन्यात, मधल्या वळणावर आम्ही कामगार संघटनेच्या पोरांनी पत्रक चिकटवलं होतं: ‘आराम हमारा हक़ है’. रोज सकाळी तिथंच उभा राहून मी तीच पत्रकं वाटायचो. लोक घेत आणि चार पायऱ्या चढून टाकून देत. एक गृहस्थ मात्र थांबत. एका हातात डबा, दुसरा कठड्यावर, आणि नजर भिंतीवरच्या पत्रकावर. निदान एक माणूस तरी आपला झाला, या विचारानं मी दिवसभर खूश असायचो.

एकदा त्यांना फोनवर मराठीत बोलताना ऐकलं, म्हणून विचारलं, “काका, पटतंय ना?”

ते ओशाळले. “खरं सांगू बेटा? मी वाचत नाही. इथवर चढलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, डावा हात जड पडतो. जरा थांबलं की उतरतं. पण नुसतं उभं राहायला लाज वाटते यार. गॅस असेल.”

“गॅस नाही काका. माझ्या बाबांना असंच व्हायचं, ते हृदयाचं निघालं. आत्ता दवाखान्यात चला.”

रोज मी त्यांची नजर पाहिली होती, कपाळावरचा घाम नाही.

रिक्षापर्यंत जाताना ते पुन्हा थांबले. तिथं वाचायला काही नव्हतं. ते कावरेबावरे झाले. आराम आपला हक्क आहे, हे म्हणायला माझं तोंड उघडेना. मी खाली वाकलो, बुटाची नाडी सोडली आणि सावकाश पुन्हा बांधत बसलो.